तांबडी उठली तो दिवस

सटवाप्पांनी विचारायचं ते विचारून झालं होतं आणि सोप्यात कुणीच बोलत नव्हतं.

दादा तळहातावर तंबाखू मळत बसले होते. ती केव्हाच मळून झाली होती. आता अंगठा नुसताच फिरत होता. विष्णूकाका खांबाला पाठ लावून अंगणाकडे तोंड करून उभे होते, जणू उत्तर तिकडूनच यायचं होतं. मी मधल्या दाराची चौकट धरून उभी होते. एरवी आमच्या घरात शांतता अशी कधी पूर्ण पडत नसे. जिन्याखालच्या पाटीतून तांबडीचा आवाज येत राही, घशातल्या घशात दाटलेला, तक्रार आणि अंगाई यांच्या मधोमध कुठेतरी अडकलेला. त्या संध्याकाळी तो आवाज नव्हता. पाटीत राख होती, राखेत कोंबडीच्या पोटाएवढा एक खळगा होता, आणि तांबडी बाहेर होती.

"का तुम्ही बोललासा आणि मलाच आलं न्हाई ऐकू?" सटवाप्पा म्हणाले. "गिरणीनं कान खाल्ल्यात माझं. जरा मोठ्यानं बोलत चला."

या वाक्यावर दादा नेहमी हसत. त्या दिवशी हसले नाहीत.

आतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. मग पाठीवर थोपटण्याचा आवाज. मग तोही थांबला.

तांबडी आमच्या आळीतली शेवटची बसणारी कोंबडी होती. तालुक्याहून योजनेतून आलेल्या पांढऱ्या कोंबड्या अंडी भरपूर घालत, पण घातली की पाठ फिरवून चालू लागत. खुडूक होणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. अंड्यांवर पंख पसरून बसावं, दाणापाणी विसरावं, अंगावरचं मांस त्या उबेत वितळू द्यावं, हे वेड एकट्या तांबडीकडे उरलं होतं. म्हणून आळीतल्या बायका पदराखालून अंडी आणत आणि आनसाआत्याच्या ओंजळीत देत.

"तुझ्या हाताखाली एक बी वाया जात न्हाई बघ, आनसे," असं म्हणत. आत्याला ते ऐकून बरं वाटे. तिच्याबद्दल कुणी बरं बोलावं असं तिच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

तिची रीत ठरलेली होती. पाटीत चाळलेली राख, राखेवर भाताचं पिंजर आणि कडेला एक गंजका खिळा. वीज कडाडली तर अंड्यातला जीव दचकून मरू नये म्हणून. अंडी ती दिवसा कधी ठेवत नसे.

"दिवेलागणीला सारायची," मला शिकवताना ती म्हणे. "दिवा लावायच्या आदी. तिला दिसंनासं होतंय आणि आपल्याला दिसतंय, एवढाच येळ असतोय. पोटाखाली गार काय तरी लागतंय तिला, जरा चुळबुळती. मग आपलंच समजून दाबून बसती."

"आणि पिल्लं कधी काढायची?"

"ती बी तवाच."

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, पाठची बहीण. नवऱ्यानं दुसरी आणून हिला माघारी धाडलं तेव्हा ती जेमतेम विशीत होती. रीतसर काडीमोड झाली. आमच्यात पाट लावायची चाल होती, त्यामुळे तिच्या दुसऱ्या लग्नाला कुणाची आडकाठी नव्हती. आडकाठी असे ती फक्त वेळेची. पहिलं स्थळ आलं त्याच सुमाराला माझी आई गेली. मी रांगत होते. "पोर पायावर उभी राहू दे," दादा म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आई गेल्यावर ते पुष्कळ दिवस गोठ्यात झोपत. मी उभी राहिले, चालले, शाळेत गेले. मग विष्णूकाकांचं लग्न व्हायचं होतं. घरात बाई नसेल तर मुलगी कोण देणार? घरात बाई होती म्हणून रत्नाकाकी मिळाली. प्रत्येक वेळी कारण खरं असे. खऱ्या कारणाशी भांडता येत नाही.

दादांना घरात सगळेच दादा म्हणत, मीसुद्धा. ते वाईट नव्हते. बाजारातून आले की आत्याच्या हातावर न विसरता बत्तासे ठेवत, आणि ती मोठी बाई तोंडात बत्तासा धरून चुलीपुढं बसे.

सटवाप्पांची बाजाराच्या गावी भात कांडायची गिरणी होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम कोंड्याची भुरी. तरुण माणूस म्हातारपणाचं सोंग घेऊन आल्यासारखा दिसे. आमचं भात त्यांच्याकडेच जायचं. आत्या पोत्यासोबत गेली की परतताना पोत्याबरोबर कोंड्याची एक जास्तीची थैली येई.

"कोंबड्यांस्नी," ते ओरडून सांगत, कारण गिरणीत सगळंच ओरडून सांगावं लागे.

आळीतल्या बायकांनी तेवढ्यावरून ओळखलं. "आनसे, कोंडा नक्की कोंबड्यांस्नीच हाय न्हवं? का तुला?" असं एकीनं विचारलं तेव्हा आत्यानं मूठभर कोंडा तिच्या तोंडावर उडवला आणि स्वतःच खोकेपर्यंत हसली. तिला तशी हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

सटवाप्पांनी मागणी घातली. दादांनी काकांच्या लग्नाचं सांगितलं. सटवाप्पा थांबले. लग्न झालं. मग काकीला दिवस राहिले. ते पुन्हा आले तेव्हा दादा म्हणाले, "अक्षय्यतृतीया उलटू दे. रत्ना माहेरी गेली की मोकळं बोलू." सटवाप्पांनी टोपी झटकली, कोंडा उडाला, आणि ते म्हणाले, "बरं. तोवर मी गिरणीला तेल घालतो."

त्या उन्हाळ्यात काकी बाळंतपणाला माहेरी गेली, आणि तांबडीनं पहिली खेप काढली. टरफलाला आतून चोच लागण्याचा तो बारीक आवाज आत्यानं मला पाटीला कान लावून ऐकवला होता. पिल्लं ओली, वेडीविद्री बाहेर आली, पंखांखाली सुकली, पिवळी झाली. तांबडीनं त्यांना अजून दाणा टिपायलाही शिकवलं नव्हतं.

"काढून घे ती," दादा म्हणाले. "शेजारणीची अंडी सार खाली. बसलीच हाय तर आणि एक खेप निघंल."

"वाळलीय ती, दादा. हाडं लागत्यात हाताला."

"मग उठंल की. कुणी बांधलीय काय तिला? आपल्या मनानं बसलीय."

आत्यानं दिवेलागणीला पिल्लं काढली. फुटक्या काठाच्या घागरीत जुन्या लुगड्याची घडी घालून त्यांना चुलीजवळ ठेवलं. कण्या ओल्या करून बोटानं चारल्या. दोन दिवसांत ती पिल्लं आत्याच्या पायांना आई समजू लागली. ती पाण्याला निघाली की मागोमाग पिवळी रांग. पायाखाली चिरडतील म्हणून ती पाऊल उचलायचंच विसरली. घरभर पाय घासत चालू लागली. जिन्याखाली तांबडी नव्या अंड्यांवर पंख पसरून बसली होती आणि हाताच्या अंतरावरून तिची पिल्लं आत्याच्या मागं धावत जात. तिनं मान वळवून एकदाही पाहिलं नाही.

मग वळवाचं पहिलं गडगडणं झालं. खिळा होता, तरी आत्याच्या मनात पाल चुकचुकली. काही दिवसांनी तिनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक अंडं अलगद सोडलं. आत जीव असेल तर अंडं तरंगता तरंगता आपोआप हलतं, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं. आम्ही दोघी परातीवर वाकून बसलो होतो. पाणी निवळलं, छपराचा कवडसा त्यात स्थिर झाला, अंडी त्याच्याभोवती पांढऱ्या दगडांसारखी उभी राहिली.

"हललं का गं एखादं?" आत्यानं विचारलं.

"न्हाई."

"नीट बघ, शेवंते."

मी नीट पाहिलं. मी श्वास सोडला तेव्हा पाणी हललं, तेवढंच.

"मेलेल्यांवर बसलीय ती," आत्या म्हणाली. "आणि आपण तिला दाणे टाकून बसवतोय."

संध्याकाळी दादा माळ्यावरून अंड्यांची टोपली घेऊन खाली आले. बिघडली ती जाऊ देत, ही चांगली आहेत, असं ते अगदी सहज म्हणाले. आत्या भाकरी थापत होती. तिचा हात परातीवर थांबला.

"आता न्हाई."

"काय?"

"आता न्हाई बसवायची तिला. उठवणार हाय मी."

तिनं मान वर केली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पण ती दादांना नाही म्हणाली होती. मला वाटतं, तोवरच्या आयुष्यात पहिल्यांदा. दादा टोपली हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी आधी अंड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं ते मला तेव्हा कळलं नाही. टोपली घेऊन ते पुन्हा माळ्यावर चढले. शिडीच्या पायऱ्या नेहमीपेक्षा सावकाश वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे विष्णूकाका बाहेर पडले. कुठं, ते कुणी सांगितलं नाही.

खुडूक मोडणं हे दांडगाईचं काम असतं. आत्यानं तांबडीला पाटीतून उचललं तेव्हा ती आकसली, फुगली, चोचीनं तिनं आत्याचं मनगट फोडलं. आम्ही तिला आडावरच्या दोणीशी नेलं. आत्यानं तिचं पोट गार पाण्यात बुडवून धरलं. पिसं सुटलेल्या जागी कातडी तापलेली, लाल दिसत होती. मग तिचंच एक बारीक पीस उपटून आत्यानं ते तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून आरपार सारलं.

"दुखतंय गं तिला."

"दुखू दे. पीस काढायच्या नादात अंडी इसरती. दुसरा उपाय न्हाई बाई." तिच्या मनगटातून रक्ताची रेघ निघाली होती. ती तिनं पाण्यात धुतली. "कुणी तरी वडून काढल्याबिगर उठता येत न्हाई हिला."

आम्ही तिला अंगणात डालग्याखाली कोंडलं. ती वेताच्या फटींतून घराकडे पाहत घुमत राहिली. सोडलं की धावत पाटीशी. पुन्हा उचल, पुन्हा पाणी. असं काही दिवस चाललं. आणि सटवाप्पा उत्तराला यायचे होते त्याच दुपारी आत्यानं डालगं उचललं तर तांबडी पाटीकडे गेली नाही. ती जागीच उभी राहिली, पाय आपले आहेत का हे तपासल्यासारखी. मग उकिरड्याकडे गेली आणि एका पायानं माती उकरली. एक किडा टिपला. घुमणं थांबलं. तिच्या घशातून जुना साधा कोंबडीचा आवाज आला. आपलीच पिल्लं जवळून पळाली तेव्हा तिनं एकाला टोच मारून हाकललं. मला रडू आलं, आत्याला नाही.

"बघ, उठली," ती म्हणाली. तांबडीच्या नाकात पीस तसंच होतं.

मग आत्या आत गेली. ट्रंकेतून तिनं एक लुगडं काढलं. हिरवं, खळीनं कडक झालेलं, कोंड्याच्या थैलीत घडी करून आलेलं. ते नेसून ती माझ्यापुढं उभी राहिली तेव्हा कागदाची घडी मोडल्यासारखा आवाज होत होता.

"कशी दिसती?"

"गिरणीवालीसारखी."

"फाजील!" तिनं मला चापट मारली आणि जवळ ओढलं. तिच्या अंगाला खळीचा आणि खालून राखेचा वास होता. "तू मोठी झालीस आता. भाकरी येती तुला. करशील न्हवं?"

मी हो म्हणाले. खरं तर मला दोन्ही हवं होतं. तिनं जावं, आणि तिनं इथंच असावं. पण मी हो म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

ऊन उतरलं. सटवाप्पांची वाट पाहत आत्या उंबऱ्याशी बसली. तेवढ्यात वळणावर वडापची जीप थांबली आणि तिच्यातून विष्णूकाका उतरले. त्यांच्यामागून कानाला फडकं बांधलेली, भिंतीसारखी पांढरी पडलेली रत्नाकाकी. तिच्या हातात धडप्यात गुंडाळलेलं बाळ होतं. पहिलटकरीण माहेरी तीन महिने तरी राहते. हिला बारसं आटोपताच आणली होती.

"अगं, एवढ्यात?" आत्या उठून पुढं झाली. "तुझी आई काय म्हणली?"

"रडली," काकी म्हणाली. "यांनीच आणलं. दादांचा निरोप हुता म्हणं." मग तिचा स्वर एकदम फुटला. "वन्सं, मला याचं काय बी येत न्हाई वो. हातातनं निसटतंय. तिकडं आई धरत हुती."

काका जमिनीकडे पाहत राहिले. "आनसाक्का, मी..." एवढंच म्हणाले.

दादा गोठ्याकडून आले. त्यांनी काकीच्या हातातून बाळ घेतलं, सराईतपणे, मान सांभाळून. मी दिवा लावायला कोनाड्याकडे वळले तर ते म्हणाले, "असू दे गं, हाय की उजेड." उजेड नव्हता. अंगण करडं झालं होतं, माणसांचे चेहरे जाऊन नुसते आकार उरले होते. दादा त्या आकारांतून चालत आत्यापाशी गेले.

"घे गं जरा, आनसे," ते म्हणाले, आणि बाळ तिच्या हातावर ठेवलं.

ती जराशी चुळबुळली. मग तिचे हात आपोआप वळले, कोपर दुमडलं, छाती थोडी पुढं झाली. बाळानं तोंड फिरवून हिरव्या लुगड्याचा कडक काठ चोखायला घेतला.

पुष्कळ वर्षांनी, माझ्या स्वतःच्या घरात, संध्याकाळी दिव्याच्या बटणाकडे जाणारा माझा हात एकदा मध्येच थांबला. दादांनी दिवा लावू दिला नव्हता हे मला तेव्हा आठवलं.

थोड्याच वेळात अंगणात सायकल टेकल्याचा आवाज झाला आणि सटवाप्पा आत आले. भुवया धुतलेल्या होत्या. आत्या बाळाला घेऊन मधल्या खोलीत गेली होती. त्यांनी पाणी घेतलं, काकीच्या बाळाचं ऐकलं, "चांगलं झालं," म्हणाले, आणि मग विचारायचं ते विचारलं. त्यानंतर ती शांतता पडली.

दादांनी अखेर तंबाखू तोंडात टाकली.

"बघताय न्हवं तुम्हीच," ते म्हणाले. "ओली बाळंतीण घरात. लहान पोर."

"बघतोय," सटवाप्पा म्हणाले.

"आम्ही कुठं धरून ठिवलंय तिला? जा म्हणूनच सांगतोय. तिचाच जीव निघत न्हाई पोरांतनं. इचारा तिलाच."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तेही खोटं नव्हतं. तोवर दिवा मीच लावला होता. त्याच्या उजेडात मला ते दिसलं.

सटवाप्पा उठले. जिन्याखालच्या रिकाम्या पाटीकडे त्यांची नजर गेली.

"कोंबडी कुठाय?"

"उठली," मी म्हणाले. "झाडावर गेली झोपायला."

"काय?"

"उठली!" मी ओरडले.

"ब्येस झालं," ते म्हणाले, आणि मधल्या दाराशी आले. मी बाजूला झाले. आत आत्या भिंतीला टेकून बसली होती. दाराशी पाय दिसताच ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली. हिरव्या लुगड्यावर छातीशी ओला डाग पडला होता आणि तेवढ्या भागाची खळी विरघळून कापड मऊ झालं होतं.

"अनुसूयाबाई," सटवाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. हळू बोलणं ते विसरलेच होते. "थांबतो म्हणून आज म्हणणार न्हाई मी. दोनदा थांबलो, त्यात तुमचं काय भलं झालं न्हाई. आज व्हय म्हणालासा तर उद्या सकाळी चार माणसं घिऊन येतो. भांडायला लागलं तर भांडतो. या बाळासाठी बाई बघून देतो. समदं करतो. पण पयलं तुमच्या तोंडनं ऐकू दे. यायचं हाय का न्हाई?"

बाळ कुरकुरलं. आत्याचा हात त्याच्या पाठीवर चालूच होता. तिचे डोळे सटवाप्पांच्या चेहऱ्यावर होते, मग त्यांच्या खांद्यावरून दादांवर गेले, मग काकीवर, जी कोपऱ्यात दोन्ही हात मांडीत टाकून बसली होती, रिकामे, तळवे वर, मग माझ्यावर. मी मान हलवली. हो म्हण, हो म्हण. मला वाटलं, आता कुणीतरी तिला ओढून काढायला हवं. मी तेवढी मोठी नव्हते.

"मोठ्यानं सांगा," सटवाप्पा म्हणाले. "कमी ऐकू येतंय मला." त्यांनी हात कानामागं धरला आणि तिच्याकडे जरासे झुकले.

आत्यानं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग ती वळली आणि पाय घासत, पाऊल न उचलता, आतल्या अंधाऱ्या खोलीत निघून गेली.

सटवाप्पांचा हात कानामागं तसाच होता.